हाताचं मीठ

१

नोएली पेरारचा स्वयंपाकघरातल्या घड्याळावर विश्वास नव्हता, भिंतीवर होता. दुपारचे चार वाजले की भिंतीपलीकडून आवाज यायचे. खट, खट, खट, असे सहा. कुणी बसून भराभर अक्रोड फोडावेत तसे. सहावा झाला की ती कॉफीचं पाणी चढवायची.

घर मूळचं एकच. सँत एत्येन शहरातल्या चढावरच्या गल्लीत रेशमी फिती विणणाऱ्यांनी ते बांधलेलं. माग उंच, म्हणून छत उंच आणि खिडक्याही उंच. पुढे माग गेले, मधे एका विटेची भिंत उभी राहिली आणि एकाची दोन घरं झाली. अलीकडे नोएली आणि तिचा ट्राम चालवणारा नवरा क्लोव्हिस. पलीकडे मस्यू आंसेल्म फांजे आणि त्यांची बायको युजेनी. तिकडे कुणी शिंकलं तर इकडे रुमाल शोधावा, इतकी ती भिंत पातळ.

मस्यू फांजे सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात अडतीस वर्षं तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर ल्यों, आन्सी, कुठून कुठून शौकीन लोक जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरं घेऊन त्यांच्याकडे यायचे. चुकून कुणी पिस्तूल म्हटलं तर मस्यू फांजे चष्म्यावरून असे बघायचे की त्या माणसाने आयुष्यात पुन्हा तो शब्द काढू नये. ते तपासायचे, आणि कार्ड लिहून द्यायचे. त्यांच्या कार्डावर आहे ते खरं, हे सगळे धरून चालायचे.

लिहायची मात्र युजेनी, कारण नवऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. भिंतीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा. "पोलादावरची निळी झाक, दहात आठ. नळी आतून स्वच्छ. मुठीचं लाकूड मूळचं. आकडे सगळे जुळतात." मागून टाकाची कुरकुर. मग ते घोडा मागे ओढून बघायचे. एकदा ओढला की गोळ्यांची चकरी एक घर सरकून अडकते, खट. घरं सहा, म्हणून आवाज सहा. आणि शेवटची ओळ, जी प्रत्येक कार्डावर असायचीच: "हाताचा डाग, नाही."

त्या ओळीची एक गोष्ट होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी युजेनीने कौतुकाने एक रिव्हॉल्व्हर उघड्या हातात घेतलं होतं. घामातलं मीठ पोलादाला खातं. दुसऱ्या दिवशी निळ्या झाकेवर तिचा अंगठा तांबूस उमटला, रेषान् रेषा. मस्यू फांजे रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या हाताला मीठ आहे, युजेनी. पुन्हा हात लावू नकोस." त्यानंतर पंचेचाळीस वर्षं तिने लावला नाही. मटार सोलताना ही गोष्ट ती नोएलीला हसत हसत सांगायची, आणि सांगताना उजवा अंगठा मुठीत दडपायची. त्या अंगठ्यावर तिरकी खूण होती. चौदाव्या वर्षी मागावर कापल्याची.

फेब्रुवारीत युजेनी गेली. भिंत मुकी झाली.

ईस्टर होऊन आठवडा झाला असेल. चार वाजले आणि भिंतीतून आलं, खट. नोएलीचे डोळे भरले. सहा मोजून ती कॉफीकडे वळली.

आणि पुन्हा, खट.

बराच वेळ गेला. खट. हे सावकाश होते, जड. ज्याला घोडा किती घट्ट असतो ते ठाऊक नाही, तो पहिल्यांदा ओढून बघतो तसे. तेही सहाच झाले.

२

क्लोव्हिसने ऐकून घेतलं आणि पाव मोडत म्हणाला, "बायको गेली की माणूस दारसुद्धा दोनदा लावतो. तू गेलीस तर मी चारदा लावीन. परत आत येशील म्हणून."

नोएलीला दुसरीच भीती होती. एकटा म्हातारा आणि हातात तसली वस्तू. दुसऱ्या दिवशी तिने बटाटे किसून धिरडी केली, वर ओलं चीज नि कांद्याची पात घातली, ताटली झाकली आणि पलीकडे गेली. विचारायचं होतं ते तिने आडून आडून विचारलं, पण मस्यू फांजे काही खुळे नव्हते. घरात काडतूस एकही नाही, कधी नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. आणि धिरडी मात्र दोन माणसांची आणलीस, असंही.

कामाची खोली तशीच होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर हिरवं जाड कापड. पांढरे सुती हातमोजे, तेलाची कुपी, गंज घासायच्या बारीक पोलादी तारांच्या काथ्याचा पुडा. बाजूला उथळ खणांचं कपाट. त्यात त्यांची स्वतःची अकरा रिव्हॉल्व्हरं, सगळी एकाच लष्करी नमुन्याची, नळीवर वेगवेगळ्या सालाचा शिक्का. सगळ्यात खाली १९२३चं. त्या साली ते सोळा वर्षांचे होते आणि कारखान्यात लागले होते.

टेबलाच्या टोकाला युजेनीची खुर्ची होती. जरा मागे ओढलेली. कुणी आत्ताच उठून गेलं असावं एवढीच.

निघताना नोएलीने हळूच विचारलं, हल्ली दोनदा मोजता का?

"एकदाच," ते म्हणाले. "दोनदा मोजायला काय झालं?"

ती घरी आली. खुर्ची तिने पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. केर काढताना सरकली असेल. पण युजेनी गेल्यापासून केर तर शनिवारी तीच काढायची, आणि खुर्ची तिने स्वतः टेबलाला चिकटवली होती.

३

मे महिन्यात एक दिवस त्यांनी भिंतीवर बोटांनी टकटक केली. ती गेली तर दारातच म्हणाले, "नोएली, तुझा अंगठा दाखव."

टेबलावर १९०७चं रिव्हॉल्व्हर होतं. नळीच्या मागे, निळ्या झाकेवर, तांबूस ठसा. लहानसा, स्वच्छ.

तिला कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. किल्ली तिच्याकडे होती. केर ती काढायची. चौकशा करायची सवयही सगळ्या गल्लीला माहीत. पण कपाटाला तिने कधी बोट लावलं नव्हतं, आणि तसं ती म्हणालीही. मस्यू फांजे मान खाली घालून म्हणाले की मी आरोप करत नाही, मी तपासतोय. त्यांना तेवढं एकच येत होतं.

तिने खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि अंगठा दाबला. भिंग घेऊन ते आधी काचेपाशी गेले, मग टेबलाशी आले. तिचा ठसा रुंद, सगळ्या रेषा गोल. रिव्हॉल्व्हरवरच्या ठशात मात्र एक कोरी रेघ होती. वरून खाली, तिरकी.

भिंग त्यांच्या हातात किती वेळ तसंच राहिलं. नोएलीने न वाकताच पाहिलं होतं. मटारच्या किती शेंगा त्या अंगठ्याने फुटताना तिने बघितल्या होत्या.

जुना डाग असेल, तिने मनाशी म्हटलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा, तेलाखाली दबलेला, आता वर आला. तसं होत असेल.

मस्यू फांजेंनी काथ्या घेतला, तेलात बुडवला आणि हलक्या हाताने गोल गोल घासायला लागले. "गंज तो गंजच," ते म्हणाले. ते कुणाला सांगत होते कोण जाणे. ठसा गेला. त्यांनी कार्ड ओढून आपल्या कोंबडीच्या अक्षरात लिहिलं, हाताचा डाग, नाही.

त्या दिवशी चार वाजता फक्त सहाच आवाज आले.

४

आठवड्याने १९१२च्या रिव्हॉल्व्हरवर ठसा आला. मग १९०५च्या. ते पुसायचे, तो दुसरीकडे यायचा. जूनमध्ये तो परक्याच्या वस्तूवर आला.

कोलोंब नावाचे आन्सीचे एक औषधविके होते, जुने गिऱ्हाईक. त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर कार्डासाठी दोन दिवस ठेवलं. घ्यायला आले तेव्हा नोएली तिथेच होती, खिडक्या पुसण्याचं निमित्त काढून. मुठीच्या वर तांबूस अंगठा बघून कोलोंब काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. गोड आवाजात म्हणाले, "मस्यू, वय झालं की हातमोजे घालायचे राहून जातात. माझे वडील तर शेवटी पँट घालायची विसरायचे."

नोएलीच्या जिभेवर आलं होतं, सांगून टाका कुणीतरी आलं होतं म्हणून. मस्यू फांजेंनी ते रिव्हॉल्व्हर पुसलंही नाही. खोटं कार्ड त्यांनी जन्मात दिलं नव्हतं. ते बसले आणि त्यांनी लिहिलं: हाताचा डाग, आहे. उजवा अंगठा. स्त्रीचा.

कोलोंबनी कार्ड वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि टोपी घातली. महिन्याभरात ही गोष्ट सगळ्या शौकिनांत झाली. दारावरची घंटा वाजायची थांबली.

आणि मस्यू फांजेंनी ठसे पुसायचं थांबवलं. नोएलीला वाटलं होतं माणूस खचेल, तर ते दाढी करायला लागले. दुपारी साडेतीनला धुतलेला सदरा घालून कामाच्या खोलीत बसायचे. भिंतीतून पुन्हा ते जुनं सांगणं सुरू झालं. निळी झाक, दहात सात. नळी स्वच्छ. ते थांबायचे, आणि त्या थांबण्यात नोएलीला टाकाची कुरकुर ऐकू यायची. मग सहा भराभर. मग सहा सावकाश.

ती क्लोव्हिसला हाताला धरून भिंतीशी घेऊन आली. त्याने कान लावला. थट्टा त्याच्या तोंडात तयारच असायची, पण तो अंगणात निघून गेला. जेवताना म्हणाला, "टेलिव्हिजनचा आवाज जरा मोठा कर."

५

जुलैत मस्यू फांजेंना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात जावं लागलं. पाच दिवसांचं काम. जाताना नोएलीला म्हणाले, खिडकी उघडी ठेवू नकोस, ओल येते. टॅक्सीत बसून पुन्हा काच खाली केली. "आणि कपाटाला हात लावू नकोस गं. असेल ते असू दे."

पहिल्या दिवशी चार वाजता नोएली ओट्याशी उभी होती. भिंत गप्प होती. तिने सुटकेचा श्वास सोडला.

खट.

सावकाश. मग दुसरा. भराभर येणारे सहा आधी आलेच नाहीत, फक्त हे आले.

चार दिवस तिने ते ऐकलं. पाचव्या दिवशी सकाळी तिच्या डोक्यात आलं की उद्या म्हातारा परत येणार, पुन्हा त्या खोलीत धुतलेला सदरा घालून बसणार, आणि असाच एक दिवस तिथेच संपणार. त्यांचं नाव गेलं, माणसं गेली, ते या डागांपायी. डाग नसतील तर कोलोंबना पत्र घालता येईल, या आणि बघा म्हणून. माणूस माणसांत येईल. खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटत होती, आणि भीती वाटली की नोएली नेहमी साफसफाई काढायची.

दुपारी दोनला ती किल्ली घेऊन गेली. उंच खिडक्यांतून भरपूर ऊन आलं होतं. टेबलाच्या टोकाची खुर्ची मागे ओढलेली होती. तिने तिकडे बघायचं टाळलं. हातमोजे चढवले आणि वरपासून एकेक खण उघडला.

अकराच्या अकरांवर ठसे होते. एकेकावर तीन तीन, चार चार. नळीवर, चकरीवर, मुठीच्या पितळी कडीवरसुद्धा. इतक्या वर्षांत लावता आला नाही तो सगळा हात लावून घेतल्यासारखे. पण हे तिला नंतर सुचलं. तेव्हा तिला फक्त काम दिसलं. काथ्या तेलात बुडवून, त्यांना करताना बघितलं होतं तसं, हलक्या हाताने गोल गोल. दहा झाली. घामाने हातमोजे आतून भिजले.

शेवटी १९२३चं. त्यावर ठसा एकच होता, घोड्याच्या बाजूला. तिने काथ्या टेकवला आणि थांबली. हा तांबूस नव्हता. हा ओला होता. आत्ता दाबलेला, कडा अजून चमकत होत्या.

माझाच घाम, तिने स्वतःला सांगितलं. हातमोज्यातून आला. आणि घासलं.

टेबलाच्या टोकाला खुर्ची कुरकुरली. जड माणूस उठताना वाजते तशी नाही. कुणी आवाज होऊ नये म्हणून जपून उठतं, तशी.

नोएलीने मान वळवली नाही. पण समोर खिडकीची काच होती आणि काचेत टेबल दिसत होतं, हिरवं कापड, कार्डांचा गठ्ठा. गठ्ठ्याशेजारी एक हात होता. तो मागे सरत होता. घाई नव्हती त्याला. सरता सरता त्याने अंगठा मुठीत घेतला, दडपला, आणि टेबलाच्या कडेखाली गेला.

चार वाजेपर्यंत ती तिथेच उभी होती. भिंतीच्या या बाजूलाही काही वाजलं नाही.

६

मस्यू फांजे दुसऱ्या दिवशी आले. टॅक्सीतून उतरताना पोट धरून वाकले होते, पण आधी खोलीत गेले. नोएली मागून गेली. बोलायचं पाठ करून आली होती, कोलोंबचं, पत्राचं. 

त्यांनी वरचा खण उघडला. मग दुसरा. अकराही खण उघडले, हातमोजे न घालता, भिंगही न घेता. उन्हात पोलाद सगळीकडे सारखं निळं दिसत होतं.

"छान साफ केलंस," ते म्हणाले.

ती रडायला लागली. त्यांनीच तिला पाण्याचा पेला दिला. युजेनीच्या खुर्चीवर बस म्हणाले नाहीत, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि उभे राहिले.

"मी तिला एकदाच बोललो होतो," ते म्हणाले. "भांडली असती तर मी ऐकलं असतं गं. ती उठली, हात धुऊन आली आणि टाक घेऊन बसली. मला वाटलं, संपलं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू पुसत होतीस तेव्हा काही झालं का? काही दिसलं?"

सगळ्या गल्लीतलं सगळं सगळ्यांना सांगणारी नोएली, तिने मान हलवली. नाही. काही नाही.

७

त्यानंतर ते खण बंद करेनासे झाले. अकरा रिव्हॉल्व्हरं टेबलावर हिरव्या कापडावर उघडी ठेवायचे, युजेनीच्या हाताला येतील अशी, त्या टोकाला. तेल लावायचे नाहीत. उन्हाळा सरला, पाऊस झाला, चढावरच्या घरांत ओल आली. चार वाजता सहा आवाज यायचे आणि मग शांतता. इकडे नोएली आणि तिकडे ते, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना थांबलेले.

सप्टेंबरात ती सूप घेऊन गेली तर ते उघड्या हाताने रिव्हॉल्व्हर धरून बसले होते. दोन्ही हातांत, पाखरू धरावं तसं. सगळी अकरा तांबूस झाली होती, त्यांच्याच ठशांनी. "बघ," ते समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगत होते, "माझ्याही हाताला मीठ आहे." नोएलीने सूपचं भांडं दाराशीच ठेवलं.

ऑक्टोबरच्या शेवटी ते गेले. झोपेत, शांतपणे, डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पुतण्याने कोलोंबना बोलावलं. कोलोंबनी एकेक उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. दहात शून्य, एवढंच म्हणाले, आणि या खेपेला थट्टा केली नाही. ती सगळी एका खोक्यात गेली. कपाट गेलं, टेबल गेलं, दोन्ही खुर्च्या गेल्या. पहिल्या नोव्हेंबरला, सगळ्या मेलेल्यांची आठवण काढतात त्या दिवशी, नोएलीने दोघांच्या एका कबरीवर शेवंतीच्या दोन कुंड्या ठेवल्या. घरी येऊन हात धुतले. कॉफीचा डबा उघडला.

चार वाजले होते.

खट, खट, खट. भराभर, एकसारखे. सहा.

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. भिंतीपलीकडे खोली रिकामी होती, खिळासुद्धा नव्हता उरलेला. ती मनात मोजायला लागली. साठपर्यंत, शंभरपर्यंत. पुढचे सहा येईनात.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही. सहा येतात आणि थांबतात, उत्तराला जागा ठेवून. क्लोव्हिस तेवढ्या वेळापुरता अंगणात जाऊन उभा राहतो.

आता नोएली रोज चारला भिंतीशी जाते. ओले हात कमरेला खोचलेल्या फडक्याला पुसत नाही, तसाच उघडा तळवा चुन्यावर टेकवते. "युजेनी," ती हळू आवाजात म्हणते, "लाव गं हात. आता कुणी पुसणार नाही."

मग कान लावून उभी राहते. कॉफी उतू जाते.